सांगून आलेल्याची भाकरी

‘समजलं का?’ एवढे दोन शब्द आमच्या बाईंसमोर काढायची कोणाची छाती नव्हती. वीज कंपनीच्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात कोणी नवा व्याख्याता यायचा, फळ्यावर काहीबाही काढायचा आणि सवयीने वळून विचारायचा, ‘‘समजलं का?’’ वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणायचा. लगेच मागच्या बाकावरून बाईंचा आवाज यायचा, ‘‘विचारताय की दम देताय?’’ पाहुणा गोरामोरा व्हायचा. मग बाई एकेकाला उभं करून ‘आता तू मला शिकव’ म्हणायच्या, आणि ‘हो’ म्हणणाऱ्यांतल्या बहुतेकांना काही म्हणजे काही समजलेलं नसायचं.

उलट कोणी धीर करून ‘नाही समजलं’ म्हणालं की बाई पर्समधून चष्म्याचं जुनं डबडं काढायच्या. त्यात शेंगदाण्याच्या चिक्कीचे तुकडे असायचे. ‘नाही समजलं’ म्हणणाऱ्याला एक तुकडा, तोही सगळ्यांसमोर हातावर ठेवून. चांगले टक्कल पडलेले कार्यकारी अभियंते ती चिक्की घेताना शाळकरी पोरासारखे लाजायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, कपाळ माझं! कुठं येऊन पडले मी!

मी मूळची मनमाडची. वडील रेल्वेत, भाऊ रेल्वेत, घरात घड्याळापेक्षा गाडीच्या शिट्टीवर विश्वास. नाशिकला बदली होऊन बाईंच्या हाताखाली आले तेव्हा त्यांनी माझा कागद वाचला आणि म्हणाल्या, ‘‘मनमाड का? बरं झालं. वेळेवर येशील.’’ तेव्हापासून माझं नाव मनमाड. इतकी वर्षं काम केलं, पण आईबापांनी ठेवलेलं नाव बाईंच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. त्यांना मात्र ‘मॅडम’ म्हटलेलं खपायचं नाही. म्हणायच्या, ‘‘मॅडम म्हटलं की माणूस उठून उभा राहतो. बाई म्हटलं की खाली बसून शिकतो.’’

चिक्कीचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, तेही लोणच्याची फोड चोखत चोखत. नोकरीच्या सुरुवातीला त्या नियंत्रण कक्षात होत्या, कुठल्या भागाला किती वीज सोडायची ते ठरवतात तिथे. सगळे पुरुष, ही एकटी पोरगी. वरिष्ठाने घाईघाईत काहीतरी सांगितलं आणि हसून विचारलं, ‘समजलं का?’ ‘नाही’ म्हणायची लाज वाटली म्हणून बाई ‘हो’ म्हणाल्या. त्या ‘हो’पायी त्या संध्याकाळी एका गावातलं लग्न अंधारात लागलं. ‘‘मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटजींना अक्षर दिसेना गं,’’ बाई म्हणाल्या, ‘‘आणि तिकडे मी मात्र हुशार ठरले होते.’’

त्यांच्या घरचे प्रकार तर विचारू नका. दुपारी सूर्याची वीज भरपूर असते म्हणून दर कमी आणि संध्याकाळी सगळे दिवे, पंखे, शेगड्या एकदम लागतात म्हणून दर जास्त, अशी नवी पद्धत येणार असं कानावर आलं मात्र, बाईंनी सगळं घर दुपारवर नेलं. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी त्यांचं वॉशिंग मशीन धडधडायचं, मिक्सरमध्ये चटण्या व्हायच्या, इस्त्री चालायची. नाशिककराची दुपारची झोप म्हणजे काय चीज आहे ते सांगायला नको. सोसायटीचे अध्यक्ष बनियनवर जिना चढून आले. बाई त्यांना म्हणाल्या, ‘‘स्वस्त वीज तुमच्या झोपेच्या वेळेला येते, हा काय माझा दोष? सूर्याकडे तक्रार द्या.’’ संध्याकाळी मात्र एक दिवा लावून बसायच्या. मी म्हटलं, ‘‘बाई, अहो अजून दर लागू झाले नाहीत.’’ तर म्हणतात, ‘‘जे शिकवायचं ते आधी अंगाला लावून बघावं.’’

आणि शिकवायचं तर होतंच. त्याचीच ही गोष्ट.

पूर्वी विजेचं साधं होतं. एक कंपनी, एक दर, महिन्याला एक माणूस येऊन मीटरचा आकडा लिहून न्यायचा, मग बिल. आता तसं राहिलं नाही. अंबड-सातपूरचे कारखानदार बाहेरून वीज विकत घेतात. कळवणकडचे शेतकरी माळरान सौर पॅनेलला भाड्याने देतात. सोसायट्या गच्चीवरची वीज उलट कंपनीला देतात. मोठ्या बाजारात तर वीज पाव पाव तासाच्या हिशेबाने विकली जाते, आणि उद्याच्या कुठल्या पाव तासाला किती लागेल ते आदल्या दिवशी सांगावं लागतं. सांगितलं त्यापेक्षा कमी-जास्त घेतलं तर दंड. आणि नवे मीटर आपला आकडा आपणच पाठवतात, त्यांना वाचायला माणूस लागत नाही.

या सगळ्या मंडळींना नवा बाजार शिकवायचा कार्यक्रम आखा, असा हुकूम मुंबईहून आमच्या केंद्राला आला. बाईंच्या निवृत्तीला तेव्हा दीड-दोन वर्षं उरली होती. दुसरी कोणी असती तर जुनीच भाषणं नव्या फायलीत घालून मोकळी झाली असती. बाईंनी पदर खोचला.

पहिली ठिणगी पडली ती ‘शिकवायचं कोणाला’ यावरून. मुंबईच्या साहेबांची यादी छान होती, कारखानदार, व्यापारी, सौर प्रकल्पवाले, शेतकऱ्यांच्या कंपन्या. बाईंनी खाली एक ओळ घातली, ‘मीटर रीडर’. व्हिडिओवर बैठक झाली. साहेब माणूस सभ्य, आवाज मऊ. ते म्हणाले, ‘‘मॅडम, मीटर रीडर बाजारातले सहभागी नाहीत. कंत्राटी आहेत ते, आपले कर्मचारीही नाहीत. शिवाय त्यांचं काम तर संपतंय.’’

‘‘काम संपतंय म्हणूनच म्हणते,’’ बाई म्हणाल्या. ‘‘बाजार बदलला तो सगळ्यात आधी त्यांच्या ताटात बदलला. मग ते बाजारात नाहीत असं कसं?’’

इथे खरी मेख होती. नवे दर लोकांना घरोघरी जाऊन समजावायला कंपनी ‘ग्राहक मार्गदर्शक’ नावाची माणसं घेणार होती, आणि अट होती की हे प्रशिक्षण पुरं केलेलं हवं. प्रशिक्षणात जागा मिळाली तर मीटर रीडरला पुढे दार उघडं. नाही मिळाली तर कंत्राट संपलं की घरी. शेवटी साहेबांनी तोड काढली. बाईंनी आपल्या मनासारखी दोन दिवसांची एक चाचणी तुकडी घ्यावी, मीटर रीडरही बसवावेत. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः येऊन बघतील. पटलं तर कार्यक्रम मंजूर, जागाही मंजूर. नाही पटलं तर मीटर रीडर वगळायचे आणि बाकीच्यांना बाहेरच्या सल्लागारांचे व्हिडिओ दाखवायचे.

मीटर रीडरांच्या वतीने आमच्याकडे गौतमराव यायचे. चाळिशीचे, नाशिकरोडला राहणारे, दोन मुली शाळेत. आयुष्यभर लोकांच्या जिन्याखाली वाकून त्यांची मान जराशी पुढे आली होती. ते फार बोलायचे नाहीत. एकदा मला म्हणाले, ‘‘मॅडम, आधी कुत्रं भुंकायचं, मग माणूस म्हणायचा, मीटरवाला आलाय, येऊ दे. आता मीटरवालाच राहणार नाही, तर आम्हाला कोण येऊ देणार?’’ मी तोंडदेखलं काहीतरी बोलले. बाई मात्र ते ऐकून त्या दिवसापासून कार्यक्रमाच्या मागे हात धुऊन लागल्या.

आता शिकवायचं कसं? मी माझ्या परीने पडद्यावर दाखवायची चित्रं केली होती, छान रंगीत आलेख. बाईंनी पाहिली, आणि पंखा बंद केला. त्यांची ही एक खोड. कंटाळा आला की पंखा बंद करायच्या. म्हणायच्या, ‘‘घाम आला की माणूस मुद्द्यावर येतो.’’ मी घामाघूम होऊन शेवटच्या चित्रावर आले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘मनमाड, वीज आणि गरम भाकरी यांच्यात सारखं काय?’’

मी वैतागून म्हटलं, ‘‘दोन्ही चटका देतात.’’

‘‘दोन्ही करून ठेवता येत नाहीत. लागेल तेव्हा लागेल तेवढी करायची. चल, काकूंकडे.’’

आमच्या उपाहारगृहाच्या यमुनाकाकू कळवणच्या. बाजरीची भाकरी अशी थापायच्या की परातीकडे बघत राहावं. बाईंनी त्यांना बेत सांगितला. प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येकाने आदल्या दिवशी सांगायचं, उद्या मी किती भाकरी खाणार आणि जेवणाच्या कुठल्या पाव तासात येणार. प्रत्येकाला ओंजळभर चिंचोके, तेच इथलं नाणं. सगळे येतात त्या गर्दीच्या पाव तासात भाकरी महाग, आधी किंवा नंतर आलात तर स्वस्त. सांगितलं त्याहून जास्त हवी तर दुप्पट चिंचोके, तीही कोणाकडे असली तर. सांगून खाल्ली नाही तरी चिंचोके भरायचे आणि ती शिळी भाकरी आपणच घरी न्यायची. काकूंनी पीठ भिजवायचं ते नोंद झाली तेवढंच.

काकू कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. ‘‘बाई, ह्ये काय खूळ हाय? मानसाला पोटभर जेवू घालायचं का चिंचोके मोजायचे? आन् कोनी उपाशी ऱ्हायला तर पाप मला लागंल ना!’’

‘‘पाप मला. तुम्ही फक्त एक भाकरीसुद्धा जास्त करायची नाही.’’

‘‘लय अवघड बाई हाय ही,’’ काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी मान डोलावली.

आधी आम्ही केंद्रातल्या लोकांवरच तालीम घेतली, आणि तिथेच सगळं फसलं. नोंदीचा कागद फिरला. जो तो ‘दोन’ लिहितोय! मीही दोनच लिहिल्या, घरी तीन खाते. लेखा विभागातले एक धिप्पाड गृहस्थ, त्यांनी तर नम्रपणे ‘एक पुरे’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी पिठलं, ठेचा, कांदा आणि वर गरम भाकरी म्हटल्यावर व्हायचं ते झालं. ‘एक पुरे’ लिहिणाऱ्यांनी चवथी मागितली. पहिल्या दोन पाव तासांतच टोपली रिकामी झाली आणि उशिरा आलेले, अगदी रीतसर नोंद करून आलेले, हात धुऊन कोरडे उभे राहिले. भांडणं झाली हो! इतकी वर्षं एकमेकांच्या मुलांच्या मुंजी-बारशांना गेलेली माणसं भाकरीवरून एकमेकांकडे खाऊ की गिळू बघायला लागली.

मी डोक्याला हात लावला. बाई मात्र खूश. ‘‘अगं, हीच तर चूक! पुस्तकात मिळाली नसती. आपल्याकडे पाहुणा ‘नको नको’ म्हणतो, यजमान ‘घ्या घ्या’ म्हणतो, आणि खरं किती हवंय ते दोघंही सांगत नाहीत. नको-नको आणि घ्या-घ्यावर लग्नाची पंगत उठते, विजेचा बाजार नाही चालत.’’ आणि त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात पहिल्या धड्याचं नाव लिहिलं, ‘भीड भिकेची बहीण’. मुंबईला पाठवलेल्या आराखड्यातही तेच नाव गेलं. मी बदलून ‘मागणीचा अंदाज’ केलं होतं, त्यांनी परत ‘भीड’ केलं.

चाचणी तुकडीच्या पहिल्या दिवशी वेगळाच नमुना निघाला. अंबडचे एक कारखानदार आले होते. त्यांनी ऐटीत दहा भाकरी लिहिल्या होत्या आणि खाल्ल्या दोन. म्हणे, ‘‘हाताशी असलेल्या बऱ्या.’’ बाईंनी उरलेल्या आठ वर्तमानपत्रात बांधून स्वतः त्यांच्या गाडीत ठेवल्या. दुसऱ्या दिवसासाठी त्यांनी मुकाट्याने खऱ्या तीन लिहिल्या. मीटर रीडर मंडळी भीत भीत मागच्या ओळीत बसली होती. सकाळच्या तासात गौतमराव उभे राहून म्हणाले, ‘‘बाई, दंडाचं नाही समजलं.’’ दिवसाची पहिली चिक्की त्यांना. ती त्यांनी खाल्ली नाही, रुमालात बांधली. मुलींसाठी असणार.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. नोंद आदल्या दिवशीच मागितली होती. त्यांनी उत्तर दिलं होतं, ‘जेवणार नाही, पथ्य आहे.’ मी तरीही हळूच काकूंकडे जाऊन म्हटलं, ‘‘काकू, साहेबांच्या नावाच्या दोन टाका ना.’’ काकू म्हणाल्या, ‘‘पीठ बाईंनी मोजून दिलंय, मॅडम. मी कुठनं टाकू?’’

सकाळचे तास चांगले गेले. साहेब वहीत टिपत होते, एकदोनदा हसलेसुद्धा. मला वाटलं, जिंकलो. मग जेवणाची वेळ झाली. काकूंच्या तव्यावरून भाजलेल्या बाजरीचा वास सुटला, खलबत्त्यात ठेचा कुटला जात होता, आणि साहेबांचं पथ्य कुठल्या कुठे गेलं. ते ताट घेऊन रांगेत आले.

टोपलीशी बाई उभ्या होत्या. ‘‘साहेब, तुमची नोंद नाही.’’

साहेब हसले. त्यांना ती थट्टा वाटली. ‘‘एखादी द्या हो मॅडम. पोटात कावळे ओरडतायत.’’

‘‘एखादी नाही. जेवढ्या आहेत तेवढ्या सांगून आलेल्यांच्या आहेत.’’

एकदम गलका झाला. ‘साहेब, माझी घ्या’, ‘अहो माझी घ्या, मला भूकच नाही’. कारखानदार, शेतकरी, मीटर रीडर, सगळ्यांचे हात भाकरी घेऊन पुढे. आपली माणसं ती, दाराशी आलेल्याला उपाशी कसं ठेवतील! बाई कडाडल्या, ‘‘हात मागे! फुकट कोणी द्यायची नाही.’’

मला असा राग आला म्हणून सांगू! इतक्या महिन्यांची मेहनत, या लोकांची पोटं, सगळं या एका माणसाच्या हातात, आणि ही बाई त्याला भाकरी नाकारतेय. मी त्यांच्या कानाशी जाऊन दात ओठ खात म्हटलं, ‘‘बाई, द्या ना हो. त्या गौतमरावांकडे तरी बघा.’’

‘‘त्यांच्याकडेच बघतेय,’’ बाई म्हणाल्या. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, ‘‘आज साहेबांना न सांगता भाकरी मिळाली, तर उद्या या बाजारात जो मोठा तो न सांगता येईल. मग अंधार कोणाच्या घरी होणार? जो रीतसर सांगून आला त्याच्या. मला हेच शिकवायचं होतं. साहेब, कोणी विकत असेल तर घ्या. माझी ना नाही.’’

साहेबांनी खिशातून पाकीट काढलं. बाई म्हणाल्या, ‘‘इथे ते चालत नाही.’’ साहेबांचा चेहरा तांबडा झाला. ताट घेऊन जावं की ठेवावं ते त्यांना कळेना.

तेव्हा मागून गौतमराव पुढे आले. ताटात एक भाकरी अजून मोडली नव्हती. ‘‘साहेब, ही माझी आहे. नोंदवलेली. देतो तुम्हाला. चिंचोके नकोत, एका प्रश्नाचं उत्तर द्या.’’ त्यांनी ताट पुढे केलं. ‘‘मीटर आता आकडा आपला आपण पाठवणार. कंत्राट संपल्यावर माझं काय होणार?’’

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. आम्हाला वाटलं, आता ते मऊ आवाजात धोरण, टप्पे, विचाराधीन असलं काहीतरी बोलणार. ते म्हणाले, ‘‘मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.’’

बाईंनी पर्स उघडली, चष्म्याचं डबडं काढलं आणि चिक्कीचा एक तुकडा साहेबांच्या हातावर ठेवला.

मी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं, म्हटलं. कोणीतरी फिस्सकन हसलं, मग आणखी कोणी, आणि डोळे उघडून बघते तर साहेब गौतमरावांच्या शेजारी बाकावर बसून त्यांची भाकरी मोडत होते. चिक्की त्यांनी ताटाच्या कडेला नीट ठेवली होती. दुपारी ते वर्गात सगळ्यात मागे, मीटर रीडरांच्या ओळीत बसले. जाताना नुसता नमस्कार केला.

पुढचे दिवस फार वाईट गेले. मुंबईहून काही कळेना. मी बाईंशी कामापुरतं बोलत होते. गौतमराव रोज फाटकाशी सायकल टेकवून माझ्याकडे बघायचे, मी मान हलवायचे, ते निघून जायचे. एकदा मला राहवलं नाही. मी बाईंना म्हटलं, ‘‘तुम्ही निवृत्त होऊन चटण्या वाटत बसाल. यांचं काय? तुमच्या हट्टापायी यांची संधी गेली.’’

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘मलाही झोप लागत नाही गं. पण साहेबांना भाकरी दिली असती ना, तर यांना जागा मिळाली असती आणि धडा मिळाला नसता. मग हे लोकांच्या दारात जाऊन काय सांगणार होते? नियम मोठ्यांना नाही, एवढंच ना? ते तर लोकांना आधीच ठाऊक आहे.’’ आणि पुन्हा पुढच्या तुकडीच्या आखणीला लागल्या. मंजुरीचा पत्ता नव्हता, आणि ही बाई कुठल्या दिवशी कुठला धडा ते मांडत बसली होती! मीही मग निमूट शेजारी बसले. चिडत होते, पण लिहीत होते.

एका दुपारी फोन वाजला. साहेबच. मला ऐकू यावं म्हणून बाईंनी फोनचा आवाज मोठा केला. साहेब म्हणाले, ‘‘मॅडम, कार्यक्रम मंजूर. तुमच्या यादीसकट, शेवटच्या ओळीसकट. पुढच्या तुकडीला मी येतोय. माझ्या तीन भाकरी लिहा.’’

बाईंनी फोन ठेवला आणि डबड्यातली चिक्की स्वतःच्या तोंडात टाकली. मी धावत फाटकाकडे गेले. गौतमरावांना दुरूनच ओरडून सांगितलं, सगळा रस्ता बघतोय याचं भान नव्हतं. ते सायकल धरून तिथेच उभे राहिले आणि रुमालाने उगाच घंटी पुसत बसले.

पुढे गौतमराव मार्गदर्शक झाले. नाशिकरोडच्या चाळींमधून, सोसायट्यांमधून बायकांना दुपारचा दर आणि संध्याकाळचा दर समजावत हिंडायला लागले. त्यांचा हात बसला तसं आम्ही त्यांना केंद्रातही शिकवायला बोलावू लागलो. भाकरीचा धडा आता तेच घेतात. बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात कोणीतरी ‘बाईंचं कार्य’ म्हणून लांबण लावली तेव्हा त्यांनी उठून पंखा बंद केला.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. तुकडी अगदी नवी होती. द्राक्षांच्या शीतगृहांचे मालक, त्र्यंबकेश्वरचे लॉजवाले, मालेगावचे यंत्रमागवाले, आणि त्या बाजूचे मीटर रीडर. कोणी बाईंना ओळखत नव्हतं. जेवणाचा शेवटचा पाव तास होता. दारात रिक्षा थांबली आणि बाई आत आल्या. थकल्यासारख्या वाटल्या, हातात तीच पर्स. सरळ ताट उचललं आणि टोपलीशी गेल्या. मुद्दाम न सांगता आल्या की सहज, देव जाणे.

टोपलीशी गौतमराव होते. त्यांनी बाईंना पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. क्षणभर वाटलं, ते वाकून पाया पडतील. माझ्या मनात आलं, देऊन टाका हो गौतमराव, बाई आहेत आपल्या.

गौतमरावांनी टोपलीवर हात ठेवला. ‘‘बाई, तुमची नोंद नाही.’’

‘‘पुन्हा म्हणा,’’ बाई म्हणाल्या.

‘‘नोंद नाही, बाई. कोणी विकत असेल तर घ्या.’’ डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, पण हात टोपलीवर घट्ट होता.

बाईंनी सगळीकडे नजर फिरवली. कोणाच्या ताटात भाकरी उरली नव्हती, आणि कोणी अर्धपोटी मागतही नव्हतं. त्यांनी पुढे होऊन टोपलीत डोकावलं. ‘‘यमुनाकाकू, एखादी तरी?’’

‘‘नाय बाई. एक बी नाय,’’ काकू पदराला हात पुशीत म्हणाल्या. ‘‘आज समद्यांनी खरं सांगितलं व्हतं.’’

बाईंनी पुन्हा एकदा त्या रिकाम्या टोपलीकडे पाहिलं. मग ताट जागेवर ठेवलं, पर्समधून डबडं काढलं आणि सगळंच्या सगळं गौतमरावांच्या हातात दिलं. मी म्हटलं, ‘‘बाई, समोरून वडापाव तरी आणते.’’ त्यांनी नुसता हात हलवला. भूक लागलेली दिसत होती स्पष्ट, आणि इतकी खूश बाई मी कधी पाहिली नव्हती.

रिक्षात बसता बसता त्यांनी मला हाक मारली. ‘‘मनमाड, उद्या येते जेवायला. तीन लिही. आणि पहिल्या पाव तासात लिही, तेव्हा स्वस्त असते.’’